निवडलेले इलेक्ट्रॉन

ही गोष्ट २०२३ सालची. ईद होऊन गेली होती, शिरखुर्म्याचे डबे शेजाऱ्यांकडून अजून परत यायचे होते, आणि माझी नात जेवता जेवता उठायला लागली. दोन घास खायची आणि ताट सरकवायची. कलीम, म्हणजे माझा मुलगा, तिचा बाप, म्हणाला, "रोजे संपले, बेटा. आता कुणासाठी उपाशी राहून राहिलीस?" ती हसली नाही. एरवी बापाच्या फालतू विनोदालाही ती हसते.

मी रजिया. नोकरीची सगळी वर्षं मुलींना विज्ञान शिकवलं; आधी इस्लापूरला, मग माहूरला, आणि शेवटी उदगीरला. निवृत्तीनंतर नांदेडला कलीमकडे आले. त्याचं चष्म्याचं दुकान आहे. आमच्या घरात दखनी बोलतात, पण शिकवलं मी मराठीत आणि लिहायला बसले की मराठीच हाताला येते, म्हणून घरातलं बोलणंही इथं मराठीतच लिहिते आहे.

नातीचं नाव मुबश्शिरा. ती तेव्हा इथंच नांदेडला भौतिकशास्त्रात पीएचडी करत होती. विषय ऐकून आमचे नातेवाईक गप्प व्हायचे. सूर्यापासून चहूकडे सतत एक वारा वाहत असतो, विद्युतभार असलेल्या कणांचा. त्यातले इलेक्ट्रॉन सूर्यापासून दूर जाताना कसे बदलत जातात, एवढाच तिचा विषय. तिनं मला तो समजावला तेव्हा मला माहूर आठवलं. नवरात्रात रेणुकादेवीचं दर्शन घेऊन माणसं पायऱ्या उतरायची ती दाराजवळ अगदी एका रांगेत, एकाच दिशेनं, एकमेकांच्या पाठीला लागून. खाली येईतो कुणी चहाला वळायचं, कुणी हरवलेलं पोर शोधायचं, कुणी चप्पल. बसस्टँडपाशी माणसं तेवढीच असायची, रांग मात्र उरलेली नसायची. सूर्यापासून निघालेल्या वेगवान इलेक्ट्रॉनचंही असंच होतं म्हणे. जवळ असताना त्यांचा बारीक सरळ झोत असतो. दूर जाता जाता तो पसरतो, विस्कटतो, आणि त्यातले बरेचसे सगळीकडे भटकणाऱ्या इलेक्ट्रॉनांत मिसळून जातात.

"आणि बाकीचे?" मी विचारलं होतं.

"बाकीचे थंड. म्हणजे आपल्या मानानं भयंकर तापलेलेच, पण त्यांच्यात थंड. संख्येनं तेच सगळ्यांत जास्त. परातीत भात पसरला की निवतो, तसे वारा पसरत जाईल तसे तेही निवत जातात. किती भराभर निवतात, ते अंगद बघतोय."

अंगद तिच्याबरोबर काम करणारा मुलगा, लातूरचा. त्याचे वडील भगवानराव एसटीत कंडक्टर होते. हा नांदेडला खोली करून राहायचा आणि आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे चहाला यायचा. मला तिच्यासारखंच दादी म्हणायचा, तिला मात्र मॅडम. तीही त्याला अहोजाहो करायची. दोघांचं वय सारखं, पण लॅबमध्ये त्यांनी ती रीत पाडून घेतली होती आणि ती दोघांना सोयीची होती.

त्यांचे मार्गदर्शक सुदर्शन सर. सूर्याच्या जवळून फेऱ्या मारणाऱ्या यानाची मोजमापं सगळ्या जगाला खुली असतात, ती उतरवून घेऊन नांदेडात बसून संशोधन करता येतं, हे सरांनीच या मुलांना दाखवलं. लॅबमध्ये त्यांचा एक नियम होता. एकानं निवडायचं, दुसऱ्यानं शिजवायचं. मुबश्शिरा मोजमापांतला कचरा काढून साफ केलेल्या फायली अंगदला द्यायची, अंगद त्यांवरून उत्तर काढायचा. "निवडलेलं पुन्हा निवडत बसायचं नाही," सर म्हणायचे. "वेळ जातो, आणि माणसाचा अपमान होतो तो वेगळाच."

अपमानाचं मला पटायचं. माझ्या लग्नानंतर उदगीरच्या घरात मोठ्या जावेनं निवडलेली तुरीची डाळ मी एकदा नुसती सुपात घेऊन हलवली होती. तोंडानं काही बोलले नव्हते. पण जाऊबाई मोहरमपर्यंत माझ्याशी धड बोलल्या नाहीत. इकडे आमच्या भागात हिंदू काय, मुसलमान काय, स्वयंपाकघरात ही गोष्ट सगळ्यांना कळते. अंगदलाही कळत होती. चहा पिता पिता तो म्हणायचा, "मॅडमनी निवडलंय ना, मग दाताखाली खडा यायचा न्हाई." ती खूश व्हायची आणि लगेच त्याला बिस्किटं पुढं करायची, म्हणजे खूश झाल्याचं दिसू नये.

तर ती जेवेना. दुपारी मी कैऱ्या चिरत बसले होते, ती समोर येऊन बसली.

"दादी, यान वळलं की वाढतात."

"काय वाढतात?"

"थंड इलेक्ट्रॉन. एका दिवशी यानानं अंग थोडं वळवलं होतं, काहीतरी तपासायला. तेवढ्या वेळात थंड इलेक्ट्रॉन एकदम वाढले. सरळ झालं, कमी झाले."

"त्याच वेळी सूर्यावर काहीतरी झालं असेल."

"सूर्याला काय ठाऊक, यान वळलं ते?"

मी विळी आडवी केली. विज्ञानाची शिक्षिका होते, एवढं मला कळलं. ते वाढलेले इलेक्ट्रॉन सूर्याकडून आलेलेच नव्हते. यान वळलं की त्याचा आणखी पत्रा उन्हात येतो, आणि पत्र्यावर कडक ऊन पडलं की त्यातूनच इलेक्ट्रॉन सुटतात आणि यानावरच्या मोजणाऱ्या यंत्रात शिरतात. असे घरचेच इलेक्ट्रॉन बाजूला काढणं हेच तर तिचं काम होतं. त्यासाठी तिनं एक रेघ ठरवली होती: एवढ्याहून कमी ऊर्जेचं काहीही आलं तर टाकून द्यायचं. ती रेघ तिनं सुरुवातीला आखली, तेव्हा यान सूर्यापासून बरंच लांब होतं आणि तिथं ती बरोबर होती. मग यान दर फेरीला आणखी जवळ जात राहिलं. तिकडे ऊन वाढत गेलं, तशी रेघ वर सरकवायला हवी होती. नवी मोजमापं आली की ती त्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये घालायची आणि पुढं अंगदला द्यायची. तिनं कधी मागं वळून पाहिलं नाही आणि तिला कुणी विचारलं नाही.

"म्हणजे जवळच्या फेऱ्यांत यानाचेच इलेक्ट्रॉन सूर्याचे म्हणून मोजले गेले?"

"हो. ते फार थंड असतात. त्यामुळं सूर्याजवळचे इलेक्ट्रॉन आहेत त्यापेक्षा थंड दिसले. आणि सुरुवातीलाच थंड दिसले, तर पुढं ते निवले असं दिसणारच नाही. अंगदचा अख्खा थिसिस तेच सांगतो, दादी. की ते जवळजवळ निवतच नाहीत. निवतात. अंदाजापेक्षा सावकाश निवतात, पण निवतात."

थिसिस देऊन झाला होता. बाहेरचे परीक्षक येऊन त्याची तोंडी परीक्षा घेणार होते, ती दोन आठवड्यांवर आली होती. आणि लातूरच्या एका कॉलेजात त्याची प्राध्यापक म्हणून निवड झाली होती; जून उजाडायच्या आत पदवी हातात पाहिजे, एवढीच अट. भगवानरावांनी डेपोत पेढे वाटून टाकले होते.

"त्याला सांग," मी म्हटलं.

"जागा जाईल त्याची."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर डॉक्टर होईल. माझ्या खड्यांवर."

दुसऱ्या दिवशी ती अंगदकडे न जाता सरांकडे गेली. परत आली ती सरळ मोरीत जाऊन तोंड धुवत बसली. सर रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणाली. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "तू हुशार आहेस म्हणून तुला दिसलं. परीक्षकाला दिसणार नाही. त्याची परीक्षा होऊ दे, नोकरी लागू दे. मग आधी छापलेल्या शोधनिबंधाची दुरुस्ती आपण तिघांच्या नावानं छापू. विज्ञान दोन महिने थांबतं, बाळ. नोकरी थांबत नाही."

"चुकीचं काय बोलले?" कलीम जेवताना म्हणाला. "गरिबाच्या पोराचं घर उभं राहतंय. तुमचा सूर्य कुठं पळून चाललाय?"

"अब्बा, तुमच्या दुकानात चुकीच्या नंबरचा चष्मा गेला तर?"

"तर मी गिऱ्हाइकाला बोलावून बदलून देतो."

"दोन महिन्यांनी?"

कलीमनं भाकरीचा तुकडा मोडला आणि खाली बघून खाऊ लागला.

तरीही तिनं अंगदला फोन केला नाही. मग त्याचाच आला. तो लातूरला घरी जाऊन परीक्षेची तयारी करत होता. ती कपड्यांच्या घड्या घालत होती म्हणून फोन स्पीकरवर होता, मीही ऐकलं.

"मॅडम, एक विचारू का? साफसफाईवर प्रश्न आला तर काय सांगू? ते तुमचं खातं."

ती थांबली. मला वाटलं, आता सांगेल.

"सांगा, ठरावीक ऊर्जेच्या खालचं सगळं वगळलंय."

"आणि ती ऊर्जा कशावरून ठरवली म्हणले तर?"

"पहिल्या फेऱ्यांवरून."

"झकास. तुम्ही हाव म्हणून मी निवांत हाय. बाबा तर रोज विचारून राहिलेत, डॉक्टर झाल्यावर आमचा बीपी बघशील का म्हणून." तो हसला. तिनंही हसल्यासारखा आवाज काढला. फोन ठेवला आणि घडी घातलेली सलवार तिनं उलगडून पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडली.

"दादी, मी खोटं नाही बोलले," ती म्हणाली. "एकही शब्द खोटा नव्हता."

तिला उत्तर नको होतं. मी उरलेल्या कपड्यांना हात घातला, तेव्हा तीच म्हणाली, "लातूरला येशील माझ्याबरोबर?"

आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. माझं वय झाल्यामुळं मला तिकीट माफ होतं, बायकांना त्या साली नुकतंच अर्धं झालं होतं, त्यामुळं गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. लोहा, अहमदपूर, चाकूर. एकेकाळी इस्लापूरहून सुट्टीत उदगीरला सासरी जाताना मी याच भागातून किती वेळा गेले, कलीम मांडीवर असायचा. खिडकीतून नांगरलेली काळी रानं तशीच दिसत होती. मुबश्शिरा सगळा रस्ता मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती. ओठ हलत होते.

अंगदचं घर डेपोच्या मागच्या गल्लीत. भगवानराव ड्यूटीवर होते. त्याची आई, पंचफुलाबाई, आम्हाला बघून गडबडून गेली. "अवो, कळवायचं तरी. काय खाता, काय न्हाई, मला काय ठावं?" मी म्हटलं, "जे तुम्ही खाता ते." तिनं पोह्याला कांदा घेतला आणि आत गेली.

मुबश्शिरानं प्रस्तावना केली नाही. एवढा रस्ता जुळवलेलं सगळं टाकून ती एकदम म्हणाली, "माझ्या फायली चुकल्यात. जवळच्या फेऱ्यांच्या सगळ्या." मग यान वळल्याचं सांगितलं, रेघेचं सांगितलं. अंगद ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला धक्का शोधूनही दिसेना, आणि त्याचंच मला नवल वाटत होतं.

"कोणता दिवस म्हणालात?" त्यानं विचारलं.

तिनं सांगितला.

"मला दिसला होता तो."

"कधी?"

"थंडीत. आलेखात तेवढेच ठिपके बाजूला पडले होते." तो हाताची नखं बघत होता. "म्हणलं, मॅडमना विचारावं. मग म्हणलं, त्यांनी निवडलंय, आपण कशाला हात घालायचा. तुम्हाला वाटलं असतं, ह्याचा माझ्यावर भरवसा न्हाई."

"मग काय केलंत?"

"तेवढे ठिपके काढून टाकले."

आत कांदा तळायला पडल्याचा आवाज आला. मुबश्शिरा रडेल असं मला वाटत होतं, पण ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिनं घरून निघताना सगळा दोष आपल्या डोक्यावर घेतला होता. आता त्यातला काही त्यानं उचलला, पण तिचा हलका झाला नाही. तिच्या मानापायी तो गप्प बसला होता. तो मान तिला किती आवडायचा, हे तिला आणि मला दोघींना ठाऊक होतं.

"सर म्हणतात, परीक्षा होऊ द्या," ती म्हणाली.

"मला बी म्हणतील. तुम्ही एवढ्या लांब आलात ते कशाला? होऊ द्या म्हणायला?"

"नाही."

"मग झालं." तो उठला, पुन्हा बसला. "मी थिसिस परत मागतो. विद्यापीठात मी बोलतो, तुम्ही मधे पडू नका."

"चूक माझी आहे, अंगद."

"थिसिसवर नाव माझं हाय."

पंचफुलाबाई पोहे घेऊन आली आणि मुलाच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "का रे, तोंड का उतरलं? पोरगी तुझ्याहून जास्ती मार्काची हाय का?" आम्ही तिघांनीही पोह्यांकडं बघत खाल्लं. चांगले झाले होते.

अंगदनं थिसिस परत घेतला. सरांनी त्याला मूर्ख म्हटलं, मग सही केली. जून उजाडला, लातूरच्या कॉलेजनं वाट पाहिली नाही आणि यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

पावसाळा अर्धा सरल्यावर एक दिवस भगवानराव आमच्या दारात उभे राहिले. नांदेडच्या फेरीवर आले होते, खाकी कपड्यातच. हातात गावाकडच्या शेवग्याच्या शेंगांची जुडी. मुबश्शिरा लॅबला निघाली होती, ती पायातली चप्पल काढून आत आली.

"बाई, तुला भेटायलाच आलो," ते खुर्चीच्या कडेला बसत म्हणाले. "आमचा अंगद पैल्यापासून धांदरट. हिशोब केला की एक घर चुकायचाच. ह्यावेळी बी त्यानं आकडं चुकवलं आन तू धरलंस, असं बोलला. न्हाईतर पदवी घिऊन पुढं नाव गेलं असतं पोराचं. तू वाचवलंस."

मुबश्शिरा उभीच होती. "काका, तसं नाही. चूक माझी होती. मी दिलेल्या फायलीच चुकीच्या होत्या. अंगदचा हिशेब बरोबर होता."

भगवानराव मान हलवून हसले. "लई चांगली पोरगी हाय," ते मला म्हणाले. "आमच्या पोराला झाकून राहिली."

"खरंच सांगते, काका. दादीला विचारा."

मी म्हटलं, "ती खरं बोलते, भगवानराव."

"तुम्ही बी तिचीच दादी," ते म्हणाले. "मी मास्तरकीतला न्हाई, पण पंचवीस साल तिकिटं फाडलीत. पैशे कमी भरले तर कंडक्टरच्या पगारातून जातात. मशीन कुणी बिघडवली ते कुणी विचारत न्हाई. थिसिस त्याचा, तपासायचं काम त्याचं." त्यांनी बशीत चहा ओतला, प्याले, घड्याळ बघितलं. जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी सुटायची होती.

ते गेल्यावर ती उंबऱ्यातच बसली. "दादी, आता कुणाला सांगू?" तिनं विचारलं. अंगदनं दोष तिला एकटीला घेऊ दिला नव्हता, सरांनी तो तूर्त झाकून ठेवायला सांगितलं होतं, आणि ज्यांचं नुकसान झालं त्यांनी डोक्यावर हात ठेवला. त्या दिवशी ती लॅबला गेली नाही. मी शेंगा सोलल्या, तिनं खाल्ल्या नाहीत.

पुढं दोघांनी सगळ्या फायली पहिल्यापासून केल्या. ती निवडायची आणि तो पुन्हा निवडायचा, मग त्याचं ती. भांडणंही व्हायची. सुरुवातीची भांडणं अवघडलेली असायची, नंतर मोकळी. दुरुस्ती तिघांच्या नावानं छापून आली. यानाचे घरचे इलेक्ट्रॉन काढल्यावर सूर्याचे इलेक्ट्रॉन दूर जाताना व्यवस्थित निवताना दिसले; अंदाजाहून सावकाश, पण निवताना. अंगदचं म्हणणं अर्धं टिकलं.

त्याला पदवी २०२५ साली मिळाली. लातूरची ती जागा भरलेली होती आणि दुसरी निघाली नाही. तो आता तिथंच एका खाजगी क्लासमध्ये बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. मुलांची रीघ असते, पगार बरा आहे. पण सौरवारा त्या परीक्षेला नसतो, त्यामुळं तो विषय त्याच्या तोंडात येत नाही. यंदा त्याचं लग्न झालं. मुबश्शिरा गेली होती. पंचफुलाबाईंनी तिला घरच्या मुलीसारखं ताटावर बसवलं, आणि ती परत आली तेव्हा तिला ताप होता.

सुदर्शन सर निवृत्त झाले. कलीमच्या दुकानात चष्मा बदलायला येतात, तिची चौकशी करतात, त्या उन्हाळ्याबद्दल बोलत नाहीत. भगवानरावही निवृत्त झाले. रक्तदाब आहे. ते अजून लोकांना सांगतात की नांदेडच्या एका मुलीनं आपल्या पोराची अब्रू राखली. अंगदनं त्यांना खरं सांगितलं का, मला माहीत नाही. सांगितलं असेल तरी त्यांनी मानलेलं नाही.

मुबश्शिरानं अंगदच्या आधी आपला थिसिस दिला नाही. त्याच्या मागून दिला, डॉक्टर झाली, आता अहमदाबादेत दुसऱ्या यानाच्या मोजमापांवर काम करते. दर रविवारी फोन करते. माझ्या गुडघ्याची चौकशी होते, कलीमच्या साखरेची होते, आणि मग विचारते, लातूरकडं एखादी जागा निघाली का, पेपरात काही आलंय का. मी पेपर वाचलेलाच असतो. नाही म्हणते. ती बरं म्हणते, आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारते.